दक्षिणेच्या पैशातून

आमच्या पावणे गावाचं नाव तेवढं शिल्लक राहिलंय. शेतांच्या जागी कारखाने आले, पण बसथांब्यावरची पाटी जुनीच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं नेमकं उलट झालं. तिथं नावं बदलत गेली आणि जुना पैसा मात्र नवनव्या वाटांनी वाहत राहिला.

तो पैसा दक्षिणेचा. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पुढे पेशव्यांनी आपल्या हाती घेतली. दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात जमायचे, पर्वतीजवळच्या रमण्यात, म्हणजे दक्षिणा वाटायच्या आवारात, रांगा लागायच्या. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनसाहेबांनी ही रक्कम कमी केली, पण बंद केली नाही. नव्या राज्यात पुण्याचा ब्राह्मणवर्ग नाराज ठेवणं परवडणारं नव्हतं. तेव्हा यातलाच काही पैसा शिक्षणाकडे वळवायचं ठरलं आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दप्तरी तिचं नाव हिंदू कॉलेज. त्या वेळी दख्खनचे इंग्रज आयुक्त होते चॅपलिन.

न्याय, व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय. शिकवणारे शास्त्री, शिकणारे ब्राह्मणांची मुलं, आणि शिकण्याबद्दल फी नव्हे तर उलट विद्यावेतन! आजच्या पालकांना हे वाचून हेवा वाटेल.

१८३७ पासून मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली शाळेचं वळण पालटू लागलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला हातभार लावणारे आणि मराठीत विरामचिन्हं रुजवणारे ते हेच कँडी. हळूहळू मराठी आणि इंग्रजी आत शिरली, इतर वर्गांना दार उघडलं. १८४९ साली लोकहितवादींसह काही तरुणांनी अर्ज केला, की दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांसाठी वापरा. शास्त्रीमंडळींत खळबळ उडाली. पण दोनच वर्षांनी दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली, आणि त्याच १८५१ मध्ये पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झालं. इथं काही वर्षं प्राचार्य होते एडविन आर्नल्ड, पुढे बुद्धावरच्या काव्यामुळे जगभर गाजलेले.

जुन्या पाठशाळेचं नवं कॉलेज होण्याचा असाच बदल चीनमध्ये वरून हुकूम येऊन झाला. १९०१ साली चिंग दरबारानं जुन्या विद्याकेंद्रांच्या आधुनिक शाळा करा असं फर्मावलं. छांगशा इथलं यूएलू हे ९७६ साली स्थापन झालेलं विद्याकेंद्र १९०३ मध्ये उच्च विद्यालय झालं, आणि आता ते हूनान विद्यापीठाचा भाग आहे. पुण्यात मात्र असा एकच हुकूम सापडत नाही. जमाखर्चाच्या वहीत एकेक रकाना सरकत गेला.

पुढे पूना कॉलेजसाठी येरवड्याला कॅप्टन विल्किन्स यांनी गॉथिक घडणीची दगडी इमारत उभारली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्याचा पैसा तिला मिळाला. १८६८ साली कॉलेज तिथं गेलं आणि डेक्कन कॉलेज म्हणून ओळखलं जाऊ लागलं. टिळक-आगरकरांची मैत्री इथलीच. आगरकर एम.ए.च्या दिवसांत दक्षिणा फेलो होते. श्रावणातल्या त्या दानाच्या पैशावर महाराष्ट्राचा सर्वांत कडवा बुद्धिवादी शिकावा, यातली गंमत खुद्द आगरकरांनाही कळली असणार.

१९३४ साली सरकारनं कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं. १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलं. इरावती कर्वे आणि ह. धी. सांकळिया तिथं रुजू झाले. सांकळियांच्या नेवासे, इनामगावच्या उत्खननांनी महाराष्ट्राचा इतिहास काही हजार वर्षं मागे नेला.

शास्त्र्यांची संस्कृत मात्र गेली नव्हती. १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत महाकोशाचं काम हाती घेतलं. सुमारे १५०० ग्रंथ वाचून, एकेका शब्दाचा प्रयोग चिठ्ठीवर उतरवून, जवळपास एक कोटी चिठ्ठ्या खणांत लागल्या. पहिला भाग १९७६ साली निघाला. त्यानंतर खंडांमागून खंड आले, आणि काम अजून 'अ' या अक्षरावरच आहे.