क्रीडाशिक्षकांचें शिक्षण

पोहणें पुस्तक वाचून येत नाहीं, ही गोष्ट सर्वांस मान्य आहे. परंतु पोहावयास शिकविणें हेंहि केवळ वाचून किंवा ऐकून साधत नाहीं, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. क्रीडाशिक्षक तयार करण्याच्या वर्गांत पुष्कळदां व्याख्यानें होतात, टिपणें उतरून घेतलीं जातात आणि शेवटीं लेखी परीक्षा होते. अशा वर्गांतून बाहेर पडलेला शिक्षक मैदानावर उभा राहिला, म्हणजे तोहि व्याख्यानच देऊं लागतो. मुलें मात्र रांगेंत आपल्या पाळीची वाट पाहत तिष्ठत राहतात. माणूस ज्या रीतीनें शिकतो, बहुधा त्याच रीतीनें तो पुढें शिकवितो.

१९६३ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत ड्वाइट अ‍ॅलन व त्यांचे सहकारी यांनीं शाळाशिक्षकांसाठीं सूक्ष्म अध्यापनाची पद्धति सुरू केली. उमेदवारानें मोजक्या विद्यार्थ्यांस, थोडीच मिनिटें, एकच गोष्ट शिकवावयाची. त्यावर चर्चा व्हावयाची. मग सुधारलेला पाठ पुन्हां द्यावयाचा. मैदानावरहि ही पद्धति उत्तम लागू पडते.

समजा, खोखोंत खो मिळतांच चटकन् उठणें शिकवावयाचें आहे. उमेदवाराचे सोबतीच खेळाडू होऊन बसतात. तो लांबलचक नियम सांगतो. तरी बसलेला गडी उशिराच उठतो. अशा वेळीं मार्गदर्शक उत्तर सांगत नाहीं. तो विचारतो, "गड्याच्या पायांची ठेवण कशी होती? तुमचें बोलणें चाललें असतां किती गडी हलले?" उत्तर उमेदवारानेंच शोधावयाचें असतें. दुसऱ्या खेपेस त्याचें बोलणें निम्म्यावर येतें आणि निरीक्षण दुप्पट होतें.

खेळाडूंच्या बाबतींत असाच विचार १९८२ सालीं इंग्लंडांतील लफबरो येथें डेव्हिड बंकर व रॉड थॉर्प यांनीं मांडला. सुटीं कौशल्यें घोटवून घेण्याआधीं खेळाचा सोपा प्रकार खेळवावा आणि कोणती चाल केव्हां करावी, हें मुलांस उमगूं द्यावें, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

मात्र नुसती धांवपळ म्हणजे शिक्षण नव्हे. कृतीमागून विचार झाला नाहीं, तर चूकच पक्की होते. शिवाय कांहीं गोष्टी स्पष्टपणें सांगितल्याच पाहिजेत. उष्माघात झालेल्या मुलाचें शरीर तत्काळ थंड करावयाचें असतें. तेथें शिक्षकास अनुभवाची वाट पाहतां येत नाहीं. परंतु सांगून झाल्यावर त्याचाहि सराव करवावा, कारण प्रसंगीं टिपणवही उपयोगी पडत नाहीं.

शिक्षक तयार झाला कीं नाहीं, हें उत्तरपत्रिकेवरून कळत नाहीं. त्याच्या हाताखालचें सर्वांत दुबळें मूल तासभरांत किती वेळ खेळलें, हें पाहावें.