आकाशांतील अदृश्य दीपस्तंभ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून एका इंजिनाच्या पस मॉथ विमानानें उड्डाण केलें आणि अहमदाबादमार्गें ते मुंबईस जुहूच्या विमानतळावर उतरले. त्या विमानांत रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि खालीं दिसणारी भूमि यांवरच सारा भरंवसा. आकाश निरभ्र असेल तोंवर हीं साधनें पुरतात. परंतु ढगांचा थर आड आला कीं नदी, लोहमार्ग, किनारा या सर्व खुणा पुसल्या जातात आणि वारा विमानाला कोणत्या बाजूस ढकलीत आहे हें कळत नाहीं. हलक्या विमानांत इंधन मोजकें असतें. वाट चुकल्यावर ती शोधीत बसण्यास सवड नसते. या अडचणीवर निघालेला एक उपाय म्हणजे रेडिओ-बीकन, अर्थात् डोळ्यांना न दिसणारा दीपस्तंभ.

साध्या बीकनची रचना फार सोपी आहे. जमिनीवरील एका एरियलमधून सर्व दिशांना सारख्याच लहरी सोडल्या जातात. बहुतेक बीकन २०० ते ५०० किलोसायकलच्या आसपास, म्हणजे घरोघरीं ऐकल्या जाणाऱ्या मध्यम लहरींच्या खालींच असतात. त्यांची दिशा कशी ओळखतात याचा अनुभव घरींहि घेतां येतो. मध्यम लहरींवर चालणारा हातांतला छोटा रेडिओ सावकाश फिरविला, तर एका विशिष्ट स्थितींत आवाज अगदीं क्षीण होतो. विमानांतील वेटोळ्याच्या एरियलचेंहि तेंच आहे. ज्या स्थितींत आवाज क्षीणतम होतो, तिच्यावरून केंद्राची दिशा ठरते. तें पुढें आहे कीं मागें, हा उरलेला संशय दुसऱ्या एका एरियलच्या साहाय्यानें फिटतो. पूर्वीं हें वेटोळें हातानें फिरवीत. पुढें तें काम यंत्र आपोआप करूं लागलें व तबकडीवरचा कांटा सरळ केंद्राकडे बोट दाखवूं लागला.

मग कांट्याकडे नाक करून विमान हांकलें म्हणजे झालें, असें वाटण्याचा संभव आहे. येथेंच नवशिका फसतो. समजा, केंद्र नेमकें उत्तरेस आहे, विमानाचा वेग ताशीं १०० मैल आहे आणि पश्चिमेकडून ताशीं २५ मैलांचा वारा वाहत आहे. विमान पूर्वेस सरकतें, कांटा डावीकडे झुकतो, वैमानिक नाक डावीकडे वळवितो. वारा पुन्हां ढकलतो. असें करीत विमान केंद्रावर पोंचतें खरें, परंतु वांकड्या वाटेनें; आणि त्या वाटेवर डोंगर असेल तर परिणाम भयंकर होतो. जाणता वैमानिक आरंभापासून नाक सुमारें १४ अंश वाऱ्याकडे ठेवितो. कांटा नाकाच्या उजवीकडे तितकाच स्थिर राहिला, तर मार्ग सरळ आहे असें तो समजतो. केंद्र ओलांडतांच कांटा उलटून शेपटीकडे वळतो.

या कांट्याचे दोषहि आहेत. सायंकाळीं व पहांटे वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतलेल्या लहरी त्याला डळमळवितात; किनाऱ्यावर लहरी किंचित् वळतात; वादळांत तो विजेकडेच बोट दाखवितो. सर्वांत धोक्याची गोष्ट ही कीं, केंद्र बंद पडलें तरी कित्येक उपकरणांत कांटा होता तेथेंच निमूट उभा राहतो. म्हणून प्रत्येक बीकन आपलें नांव मोर्सच्या दोन-तीन अक्षरांत सतत उच्चारीत असतो आणि वैमानिकानें तें कानांनीं ऐकत राहावें असा दंडक आहे.

दिशा न सांपडण्याची किंमत १९३७ सालीं जगाला कळली. २ जुलै रोजीं अमेलिया इअरहार्ट आणि त्यांचे मार्गदर्शक फ्रेड नूनन यांचें दोन इंजिनांचें विमान पॅसिफिक महासागरांतील हाउलंड या चिमुकल्या बेटाकडे येत होतें. तेथें उभें असलेलें इटास्का हें अमेरिकन जहाज त्यांच्यासाठीं संदेश सोडीत होतें. इअरहार्टबाईंनीं ७५०० किलोसायकलवरील खुणा ऐकल्या, परंतु आवाजाचा क्षीणतम बिंदु मिळत नाहीं असें कळविलें. इतक्या उंच वारंवारतेवर तसला दिशाशोधक भरंवशाचा नसे. आवाज कानांवर आला, पण तो कोठून हें कळलें नाहीं. तें विमान बेटावर पोंचलेंच नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर व्ही. ओ. आर. नांवाचीं अतिउच्च वारंवारतेचीं केंद्रें पसरलीं. विमान केंद्राच्या कोणत्या अंशावर आहे हें तीं सांगतात, विजेनें फारशीं बिथरत नाहींत आणि खूण नाहींशी होतांच तबकडीवर इशाऱ्याचें निशाण येतें. मात्र डोंगराआड त्यांच्या लहरी पोंचत नाहींत. आज उपग्रहांनीं मार्ग दाखविण्याचें काम उचललें आहे व अनेक देशांत जुने बीकन बंद होत आहेत. परंतु सुमारें २०,००० किलोमीटरांवरून येणारी उपग्रहाची खूण अत्यंत क्षीण असते व ती बुडविणें कठीण नाहीं. म्हणून अमेरिकेनें व्ही. ओ. आर. केंद्रांचें एक लहान जाळें मुद्दाम राखून ठेविलें आहे. साधन कोणतेंहि असो, तें काय सांगतें याबरोबरच तें अजून बोलत आहे काय, हेंहि वैमानिकाला वेळोवेळीं पाहावें लागतें.