ऑइल पॅनवरून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पारख

जुन्या अमेरिकन मोटारीतील ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मूळचाच आहे की मधल्या एखाद्या मालकाने बदललेला, याची शहानिशा करताना कागदपत्रांच्या दाखल्यावर विसंबण्यापूर्वी गाडीखाली शिरून ऑइल पॅनची आकृती न्याहाळावी व त्याचे बोल्ट मोजावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे. शेव्हरोलेटने १९५० साली प्रचारात आणलेल्या, दोनच गतींच्या पॉवरग्लाइडला १४ बोल्ट असतात. १९६९पासून तिची जागा घेऊ लागलेल्या टर्बो हायड्रामॅटिक ३५०ला १३, आणि १९६४पासून कॅडिलॅक व ब्यूइकसारख्या भारदस्त मोटारींत बसविलेल्या ४००लाही १३च, त्यामुळे केवळ संख्येवर निवाडा करू गेल्यास फसगत ठरलेली. भेद आकृतीत आहे: ३५०चा पॅन जवळजवळ चौकोनी असून त्याचा एकच कोपरा छाटलेला, तर ४००चा लांबट व वेडावाकडा; शिवाय वेग घेताना खालचा गिअर पाडण्याची आज्ञा ३५०ला कार्बुरेटरच्या बाजूने आलेली केबल देते आणि ४००ला विजेची तार, आणि ही निशाणी तेलमळीच्या जाड थराखालीही लपत नसल्यामुळे मला ती विशेष विश्वसनीय वाटते.

फोर्डचे प्रकरण सुलभ आहे: सी४ला ११ बोल्ट, सी६ला १७. क्रायस्लरच्या १९५६ ते १९६४ या काळातील मोटारींत मात्र डॅशबोर्डावर गिअरची बटणे दिसताच तीन गतींच्या टॉर्कफ्लाइटचा निष्कर्ष काढू नये, कारण आरंभीच्या वर्षांत दोन गतींच्या पॉवरफ्लाइटलाही बटणेच होती.