वडिलोपार्जित दागिने, नाणीं व चांदी : मोडण्यापूर्वीं मोल करून घ्यावें

शेतकरी आपली जमीन सहसा आंधळेपणानें विकीत नाहीं. तो सात-बाराचा उतारा काढतो, हद्दी पाहतो, शेजारचा तुकडा काय भावानें गेला याची चौकशी करितो आणि चार शहाण्या माणसांस विचारून मगच हातावर हात देतो. त्याच शेतकऱ्याच्या घरांतील दागिन्यांचा डबा मात्र अडचणीच्या दिवशीं रुमालांत बांधून बाजाराच्या गांवीं नेला जातो व तासाभरांत व्यवहार उरकतो. विहिरीवरचा पंप, मुलीची फी, इस्पितळाचा खर्च, काजूच्या बागेचें कुंपण अशी गरज खरीच असते. परंतु घाईमुळें होणारें नुकसानहि तितकेंच खरें असतें. जमिनीचा दस्त मागें राहतो. दागिना एकदां मुशींत गेला कीं त्याच्याबरोबर त्याचा पुरावाहि वितळतो.

कट्टा, मालवण, कुडाळ व सावंतवाडी या बाजूच्या जुन्या घरांतील डब्यांत एकाच जातीचा माल क्वचितच असतो. मुंबईच्या कमाईंतून घडविलेल्या पाटल्या, आजीची बोरमाळ, राणीछाप रुपये, गोव्याकडून आलेलीं पोर्तुगीज नाणीं, पूजेचीं चांदीचीं भांडीं असें सर्व त्यांत एकत्र सांपडतें. या सर्वांस एकच माप लावणें ही पहिली चूक होय.

मोल करण्याच्या आधीं मालकी पाहावी. घरांतील स्त्रियांचे दागिने हें त्यांचें स्त्रीधन आहे. तें कुटुंबाच्या सामाईक मिळकतींत मोडत नाहीं. हिंदु स्त्री मृत्युपत्र न करितां वारल्यास १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणें तिचे मुलगे, मुली व पति हे प्रथम वारस होतात. लग्न होऊन सासरीं गेलेल्या बहिणीचा हक्क लग्नानें नाहींसा होत नाहीं. बँकेच्या लॉकरवर ज्याचें नांव नॉमिनी म्हणून लाविलें असेल, तो वस्तु ताब्यांत घेण्यास पात्र असतो. तेवढ्यानें तो त्यांचा मालक ठरत नाहीं. म्हणून सर्व वारसांच्या समक्ष यादी करावी, प्रत्येक वस्तूचें छायाचित्र घ्यावें, वजन लिहावें व खालीं सर्वांच्या सह्या घ्याव्या. मुंबईस असलेल्या भावाचा होकार पत्रानें आला तरी चालेल, पण तो लेखी असावा. भावाबहिणींतील कित्येक कायमचीं वैरें या एका कागदाच्या अभावीं उत्पन्न होतात.

आतां वजनाकडे वळूं. जुन्या याद्यांत व पावत्यांत वजन तोळे, मासे व गुंजा यांत लिहिलेलें असतें. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे. आज बाजारांत बोलतांना मात्र दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची रूढि पडली आहे. समजा, आजोबांच्या यादींत पाटल्यांची जोडी पांच तोळ्यांची आहे. जुन्या मापानें ती ५८.३२ ग्रॅम भरेल. बाजारच्या तोळ्यानें पन्नासच. सोनें २२ कॅरटचें धरिलें तर केवळ या एका शब्दाच्या घोटाळ्यानें साडेसात ग्रॅमांहून अधिक शुद्ध सोन्याचा फरक पडतो. म्हणून यादी घेऊन जाण्यापूर्वीं विश्वासाच्या ठिकाणीं इलेक्ट्रॉनिक कांट्यावर प्रत्येक वस्तु ग्रॅममध्यें तोलून घ्यावी.

वजनानंतर कस. शुद्ध सोनें २४ कॅरटचें; २२ कॅरटमध्यें हजार भागांत ९१६ भाग, १८ कॅरटमध्यें ७५० भाग व १४ कॅरटमध्यें ५८५ भाग सोनें असतें. घरांत परंपरेनें 'चोख' म्हणून सांगितलेला दागिना तसा असेलच असें नाहीं. १९६३ सालीं सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनीं १४ कॅरटपेक्षां अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली होती व ती १९६६ पर्यंत चालली. त्या काळांतील लग्नाचे डाग कमी कसाचे असूं शकतात. शिवाय जुन्या दागिन्यांत जोडाच्या जागीं हलक्या कसाचा डांक असतो आणि बोरमाळेसारख्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. लाखेचें व खड्यांचें वजन सोन्यांतून वजा होणें न्याय्य आहे. मात्र काढलेले खडे परत मागून घ्यावे.

नव्या दागिन्यांच्या विक्रीवर २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें हॉलमार्कची सक्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखचिन्हहि आवश्यक ठरलें. आपल्या घरच्या जुन्या दागिन्यावर हा शिक्का नसला तरी तो सराफास विकण्यास कोणतीहि आडकाठी नाहीं. भारतीय मानक संस्थेची मान्यता असलेल्या हॉलमार्क केंद्रांत सामान्य ग्राहकासहि आपला दागिना शुल्क देऊन तपासून घेतां येतो. विकत घेणाऱ्यानेंच कस ठरविण्यापेक्षां हा मार्ग केव्हांहि बरा. तेथील क्ष-किरण यंत्र दागिन्यास इजा करीत नाहीं, पण तें वरच्या पातळ थराचाच कस सांगतें. म्हणून जोडाच्या जागीं व अंगावर अशी दोन-तीन ठिकाणीं तपासणी करण्यास सांगावें. वितळवून पाहणें हा शेवटचा उपाय. तो करावयाचा तर आपल्या डोळ्यांसमोर, आधीं व नंतर वजन करून.

भावाच्या हिशेबांत एक खांच नित्य आढळते. वजनास कसानें गुणून शुद्ध सोनें काढिलें असेल तर त्यास २४ कॅरटचा भाव लागला पाहिजे. २२ कॅरटचा भाव लावून पुन्हां ९१६ नें गुणिलें तर एकच घट दोनदां कापली जाते. हिशेब कागदावर मागावा व घट किती टक्के धरली हें विचारावें. निदान दोन-तीन पेढ्यांवर विचारल्याशिवाय होकार देऊं नये. घडणावळ मात्र मोडींत परत मिळत नसते, हें ध्यानांत ठेवावें.

नाण्यांची गोष्ट निराळी. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश अमलांतील रुपयाचें वजन ११.६६ ग्रॅम व चांदी हजारीं ९१७ भाग होती. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. गोव्याच्या १९३५ च्या रुपियांत चांदी भरपूर, १९४७ च्या रुपियांत निम्मी, तर १९५२ च्या रुपियांत मुळींच नाहीं. म्हणून सर्व रुपये एका ढिगांत तोलूं नयेत. सालवार वेगळे करावे. एखादें साल संग्राहकांच्या दृष्टीनें दुर्मिळ असतें. १९३९ चा चांदीचा रुपया तसा आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाहि झाल्या आहेत. नाणीं चिंच, राख किंवा पावडर लावून कधींहि घांसूं नयेत. काळवंडलेलें नाणें संग्राहकास चालतें. घांसलेल्या किंवा कडी डांकलेल्या नाण्याची किंमत धातूपुरतीच उरते.

पुतळ्यांच्या माळेंतील मूळ पुतळी म्हणजे व्हेनिस शहराचें सुमारें साडेतीन ग्रॅमचें जवळजवळ शुद्ध सोन्याचें नाणें. बहुतेक माळांतील पुतळ्या मात्र सोनारांनीं ठशावर घडविलेल्या असतात. तांब्याच्या शिवराया पेशवाईंतहि पडत राहिल्या, त्यामुळें प्रत्येक शिवराई शिवकालीन समजूं नये. शंभर वर्षांवरील नाणें देशाबाहेर विकण्यास १९७२ च्या पुरावस्तु कायद्यानें मनाई आहे. तसेंच नांगरतांना किंवा पाया खणतांना पुरलेलें धन सांपडलें तर तो वारसा नव्हे. दहा रुपयांहून अधिक मोलाचें असल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविलें पाहिजे. लपविणाऱ्याचा हिस्सा जातो व तो शिक्षेसहि पात्र होतो. 'जुन्या नाण्यास लाखों रुपये देतों, आधीं शुल्क भरा' असा निरोप मोबाइलवर आल्यास तो फसवणुकीचा समजावा. रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालीं अशा प्रकारांविषयीं जाहीर इशारा दिलेला आहे.

चांदीच्या भांड्यांत नांवावर जाऊं नये. जर्मन सिल्व्हर हें तांबें, निकेल व जस्त यांचें मिश्रण असून त्यांत चांदी नसते. कित्येक ताटें व चहादाण्या केवळ मुलाम्याच्या असतात. चांदी काळी पडते म्हणून ती हिणकस ठरत नाहीं. उलट नक्षीची अत्तरदाणी, गुलाबदाणी किंवा खऱ्या जरीचा शालू यांस धातूपलीकडची किंमत असूं शकते. तीं मोडींत घालण्यापूर्वीं जुन्या वस्तूंच्या जाणत्यास दाखवावीं.

विक्री ठरल्यास वजन, कस, भाव व घट लिहिलेली पावती घ्यावी आणि रक्कम बँकेंतून घ्यावी. वारशानें वस्तु मिळाली म्हणून कर पडत नाहीं, पण ती विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर पडतो. वस्तु १ एप्रिल २००१ पूर्वींची असल्यास त्या दिवसाचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरतां येतो. त्यासाठीं नोंदणीकृत मूल्यमापकाचा दाखला उपयोगीं पडतो.

शेवटीं एक गोष्ट. पैशांची गरज एका हंगामापुरतीच असेल तर विकण्याऐवजीं बँकेंत किंवा सहकारी संस्थेंत सोनेतारण कर्जाचा विचार आधीं करावा. भात किंवा काजू विकून डाग परत घरीं येतो. मात्र व्याज व मुदत यांचा हिशेब पाहूनच तें घ्यावें. आणि विकावेंच लागलें तर खुशाल विकावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. वडिलांनीं ती शिल्लक अशाच वेळेसाठीं ठेविली होती. तिचें पुरें मोल घेणें एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि त्यास दोन-चार दिवसांची सवड व एक वही पुरेशी होते.