गल्ल्यावरची अर्धवेळ नोकरी : घ्यावी की न घ्यावी?

मुलगा शिकायला पुण्याला गेला, मुलगी कॉलेजात, दुपारभर घर रिकामे. बाजारपेठेतल्या नव्या दुकानात गल्ल्यावर बाई हवी आहे, चारच तासांचे काम आहे, जाऊ का? हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात वरचेवर येतो. गुडघे दाखवायला आलेल्या काकू उठता उठता हळूच विचारतात. निवृत्त झालेले काही गृहस्थही विचारतात, पण त्यांचा सूर वेगळा असतो. घरी बसून कंटाळलेले असतात, एवढेच.

डॉक्टरांनी यात काय सांगायचे, असे कुणी म्हणेल. पगार किती, मालक कसा, हे ज्याचे त्याने पाहावे. परंतु हे काम अंगावर कसे उतरते ते नोकरी धरण्यापूर्वी माहीत असलेले बरे. आमच्याकडे माणसे येतात ती सहा महिने काम केल्यावर, टाचा धरून.

आधी वेळेचा हिशेब करावा. चार तासांचे काम चार तासांचे नसते. कसब्यापलीकडच्या वाडीतून निघायचे, एस.टी.ची वाट पाहायची, संध्याकाळी गल्ला जुळवून परतीची गाडी धरायची. घराबाहेरचा वेळ सहा-सात तासांवर जातो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाल्याने भाड्याचा भार हलका झाला, वेळेचा झाला नाही. घरचे काम तर वेगळेच. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे, असे आढळले. म्हणजे बाईच्या वाट्याला आधीच पाच तास आहेत. नोकरी लागल्यावर भाकऱ्या कोण थापणार आणि पाणी कोण भरणार, हे घरात बसून आधी ठरवावे. ते न ठरवता नोकरी धरली की झोप तुटते, आणि झोप तुटली की रक्तदाब, साखर, डोकेदुखी सगळेच बिघडते.

आता मुख्य गोष्ट, उभे राहण्याची. पुष्कळ जणी म्हणतात, ‘आम्ही लावणीला दिवस दिवस चिखलात असतो, इथे पंख्याखाली उभे राहायला काय होतेय?’ इथेच चूक होते. पायातले रक्त वर हृदयाकडे न्यायचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते, शिरांतले रक्त वर ढकलले जाते, आणि शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. लावणीत कंबर दुखते हे खरे, पण पाय हलत असतात. गल्ल्यावर माणूस एका फरशीवर तासन् तास खिळलेला असतो. पोटरीचा पंप बंद, रक्त खाली साठते. संध्याकाळी घोट्यावर सूज, पाय जड. वर्षानुवर्षे असेच चालले तर झडपा सैल होऊन निळ्या वेड्यावाकड्या शिरा वर येतात. त्यांनाच आम्ही व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. ज्यांच्या आईला हा त्रास होता, ज्यांची तीन-चार बाळंतपणे झाली आहेत किंवा ज्यांचे वजन जास्त आहे, त्यांना तो लवकर होतो.

यावर उपाय साधा आहे, स्टूल. गिऱ्हाईक नसताना बसता आले पाहिजे. पण काही दुकानांत बसणे म्हणजे आळस, अशी समजूत असते. केरळात तर कापडदुकानांतल्या बायकांना दिवसभर बसू देत नसत. कोझिकोडच्या विजी पेनकूट्टू या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आधी स्वच्छतागृहासाठी आणि पुढे बसण्याच्या हक्कासाठी या बायकांना एकत्र केले. २०१८ साली केरळ सरकारला दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय घालावी लागली, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसाच बदल केला. कारखान्यातल्या कामगारासाठी ही तरतूद १९४८ च्या कायद्यातच होती. दुकानातल्या बाईचे पाय कुणाला दिसायला आणखी सत्तर वर्षे लागली! तेव्हा कामाची बोलणी करतानाच मालकाला स्टुलाचे विचारावे. शेट चांगला असेल तर नाही म्हणणार नाही. उभे राहणे भागच असेल तर एक पाय खालच्या फळीवर आलटून पालटून टेकवावा, अधूनमधून टाचा उचलाव्यात आणि सपाट प्लॅस्टिकच्या चपलेऐवजी जाड तळाची चप्पल किंवा बूट घालावेत.

दुसरा प्रश्न स्वच्छतागृहाचा. तो विचारायला बायका लाजतात, पण मी तो पगाराच्याही आधी विचारायला सांगतो. सोय नसली की बाई पाणी पिणेच सोडते, लघवी तुंबवते. मग जळजळ, थंडी वाजून ताप. मूत्रमार्गाचा असा दाह स्त्रियांत मुळातच जास्त, आणि मधुमेह असेल तर तो वर मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. ज्या दुकानात ही सोय नाही आणि जवळपासही नाही, तिथली नोकरी बाईने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधुमेहाच्या रुग्णांनी आणखी एक पाहावे. सकाळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि गर्दीत डबा तीन वाजेपर्यंत उघडलाच नाही, तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोके चालत नाही. गल्ल्यावर डोके न चालणे म्हणजे शंभराच्या जागी पाचशेची नोट हातातून जाणे. जेवणाची वेळ मालकाकडून बांधून घ्यावी, ड्रॉवरात साखरेची पुडी ठेवावी, आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून बदलून घ्याव्यात. आपल्या मनाने गोळी सोडू नये.

गल्ल्यातल्या तुटीची धास्ती हे या कामाचे न दिसणारे दुखणे. रात्री झोपेत नोटा मोजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तूट आली की पगारातून कापतात. मात्र कापण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही अट १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेली आहे. रोज आपल्यासमोर गल्ला मोजून घ्यावा आणि मोजून द्यावा, एका गल्ल्यावर दोघांचे हात नसावेत. चाळिशी ओलांडली असेल तर नोकरीपूर्वी चष्मा तपासून घ्यावा. निम्मी तूट तिथेच असते.

नोटा मोजताना बोट जिभेला लावण्याची सवय मात्र आजच सोडावी. नोट मच्छीमार्केटपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे फिरून आलेली असते. पाच-दहा रुपयांची ओल्या स्पंजाची डबी मिळते, ती ठेवावी. छापील पावतीचा गुळगुळीत कागद असतो, त्यावर बिस्फेनॉल नावाचे रसायन असू शकते आणि ते कातडीतून थोडेफार अंगात जाते. युरोपीय संघाने त्यातल्या एका प्रकारावर २०२० पासून निर्बंध घातले. घाबरून नोकरी सोडण्याइतके ते नाही. हाताला तेल किंवा सॅनिटायझर ओले असताना पावत्या हाताळू नयेत, डबा खाण्यापूर्वी हात धुवावेत, आणि गरोदर बाईने जास्त जपावे.

इतके वाचून मी नोकरीच्या विरुद्ध आहे, असे वाटेल. तसे नाही. पन्नाशीच्या आसपास, पाळी जाण्याच्या दिवसांत, रिकाम्या घरात बसून ‘छातीत धडधडते’ म्हणून येणाऱ्या कित्येक जणींना चार माणसांत जाण्याने आणि स्वतःच्या हातातल्या पैशाने जो फरक पडतो, तो माझ्या गोळ्यांनी पडत नाही. आपल्या औषधाचे पैसे आपण देणारी बाई औषध मध्येच बंद करत नाही, हाही अनुभव आहे.

जाण्यापूर्वी हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासावा. महाराष्ट्रात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले होते. आठ-नऊ हिमोग्लोबिनवर उभ्याचे काम धरले तर पंधरा दिवसांत दम लागतो, आणि बाई समजते की आपल्याला काम झेपत नाही. आधी दोन-तीन महिने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, मग रुजू व्हावे. आणि सुरुवात गणपतीच्या तोंडावर करू नये. चाकरमानी आले की चार तासांचे आठ होतात. पावसाळा सरल्यावर, निवांत दिवसांत महिनाभर करून पाहावे.

त्या महिन्यात दोन्ही पायांवर संध्याकाळी थोडी सूज येऊन सकाळी उतरत असेल तर पाय उशीवर ठेवून झोपावे, तेवढे पुरते. पण एकच पोटरी सुजली, दुखरी आणि गरम लागली, तर तिला तेल लावून चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि त्यात दम लागत असेल तर रात्र उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.