जाहिरात आवडली, की लागू पडली?

दिवाळी अंक हाती आला की आपण जाहिरातींची पाने भराभर उलटून कथेकडे धाव घेतो. मी मात्र त्या पानांवर रेंगाळते. त्याला कारण घरचे आहे; ते पुढे येईलच.

लक्ष, रस, इच्छा आणि कृती या जाहिरातीच्या चार पायऱ्या पुस्तकात असतात. परीक्षेपुरत्या त्या ठीक आहेत. मला अधिक पटली ती अमेरिकेतील डॅनियल स्टार्च यांची पद्धत. वाचून झालेला अंक वाचकापुढे पुन्हा उघडायचा आणि विचारायचे : ही जाहिरात पाहिली होती का? कोणाची आहे, ते ध्यानात आले होते का? निम्मा तरी मजकूर वाचला होता का? मी हा प्रयोग आईवर केला. तिला अक्षरओळख नाही, त्यामुळे तिसरा प्रश्न बादच. दुसऱ्या दिवशी तिला साडीच्या जाहिरातीतला काठ तंतोतंत आठवत होता, दुकान काही सांगता येईना. चहाची जाहिरात मात्र तिने पुड्याच्या रंगावरून ओळखली. म्हणजे देखण्या साडीपेक्षा साधा पुडाच सरस ठरला!

१९५९ साली न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाख या संस्थेने फोक्सवॅगनसाठी जवळजवळ कोरे पान छापले. एका कोपऱ्यात चिमुकली मोटार, आणि मथळ्यात लहान विचार करण्याचा सल्ला! मोठमोठ्या मोटारींच्या त्या देशात नजर नेमकी तिथेच थबकली. अशी जाहिरात आवडते, आणि मालही खपवते.

पण क्लॉड हॉपकिन्स यांना आवडीनिवडीशी कर्तव्य नव्हते. १९२३ च्या आपल्या पुस्तकात ते कुपने मोजायला सांगतात. प्रत्येक जाहिरातीच्या कुपनावर वेगळी खूण ठेवायची, म्हणजे कोणत्या जाहिरातीने किती गिऱ्हाइके आणली ते कळते.

या मापाने मोजले तर मी पाहिलेली सर्वांत यशस्वी जाहिरात एका मासिकाच्या शेवटच्या पानांत होती. लहानशी चौकट, पांढऱ्या कोटातले गृहस्थ, आणि मधुमेह मुळापासून बरा करण्याची हमी. मी तेव्हा दहावीत होते. वडिलांना ती वाचून दाखवणारी मीच. "छापलंय म्हणजे खरंच असणार, बाळ," ते म्हणाले. पैसे गेले, पुडी आली, डॉक्टरांच्या गोळ्या बंद झाल्या. दोन महिन्यांनी वडील इस्पितळात होते.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. स्टार्च यांच्या तीन प्रश्नांत 'हे खरे आहे का?' हा प्रश्न नाही. हॉपकिन्स यांनी खोट्या दाव्यांना विरोध केला होता खरा. पण कुपने मोजताना त्या चौकटीच्या खात्यात आमचेही एक कुपन जमाच झाले असते.

वडील आता बरे आहेत. अंक घरी आला की अजूनही जाहिराती वाचून दाखवायला सांगतात. मथळा संपला रे संपला की मला थांबवून विचारतात, "ते खाली बारीक काय लिहिलंय, ते आधी वाच."