पत्रिकेतला वऱ्हाडी, नाक्यावरचा फ्लेक्स

लग्नसराई जवळ आली की शहापूर-मुरबाडकडच्या डीटीपीच्या दुकानांत एकाच लग्नाचा मजकूर तीनदा मांडावा लागतो: पत्रिकेसाठी, नाक्यावरच्या फ्लेक्ससाठी आणि मोबाइलवर फिरवायच्या चित्रासाठी. कोरलड्रॉ शिकायला आलेलं पोर थोड्याच दिवसांत चौकट काढतं, फोटो कापतं, अक्षरांना सावली देतं (नको तितकी देतं). खरी शिकवणी त्यानंतरची, कारण पुढचे प्रश्न डोळ्याचे आणि लिपीचे असतात.

फ्लेक्सचंच बघा. ‘छपाईला ३०० डीपीआय’ हे पाठ झालेलं असतं, म्हणून दहा बाय पाच फुटांचा फ्लेक्सही ३०० वरच उघडला जातो. रुंदीत ३६,००० आणि उंचीत १८,०००, म्हणजे जवळपास ६५ कोटी ठिपके. संगणक मान टाकतो. पण एवढे ठिपके बघणार कोण? एका अंशाच्या साठाव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू निरोगी डोळ्यालाही साधारणपणे वेगळे दिसत नाहीत. हातातल्या पत्रिकेवर, ३० सेंटिमीटरवरून, हे अंतर ०.०९ मिलिमीटरच्या आसपास भरतं. इंचाला २९० ठिपके. तिथे ३०० हवेतच. फ्लेक्स दहा मीटरवरून वाचायचा, तर हिशेबाने इंचाला नऊ ठिपकेही पुरतात. ७२ वर काम केलं तरी चंगळच. मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेतला फलक जवळून बघायला कोणी थांबत नाही.

लिपीचं दुखणं जुनं आहे. ऑल्डस कंपनीचं पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर १९८५मध्ये आलं ते रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून. दोन ओळींमधलं अंतर ते आपोआप १२० टक्के धरतं: १२ पॉइंटच्या अक्षराला १४.४. देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. माझं मत विचाराल तर नवख्याने रंग, सावल्या बाजूला ठेवून आधी हे अंतर १४० टक्के करून बघावं. निम्मी पानं तेवढ्यानेच सुधारतात.

जुन्या फॉन्टांत जागा फक्त २५६. जोडाक्षरांसकट मराठी त्यात बसवायची म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते रोमन अक्षरांच्या जागी ठेवले गेले. पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून साठवलीही आधी जाते. युनिकोडमध्ये उलट: आधी व्यंजन, मग वेलांटी, आणि आकार जुळवण्याचं काम फॉन्टमधल्या नियमांचं. आता यजमान मजकूर मोबाइलवरून पाठवतात, तो युनिकोडमध्ये. पेजमेकरची शेवटची, २००१ची आवृत्तीही हा मजकूर ओळखत नाही. चिकटवला की प्रश्नचिन्हांची रांग लागते. मग कन्व्हर्टर चालवायचा आणि त्यात ‘वऱ्हाडी’चा ‘वर्‌हाडी’ झाला नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून तपासायचं. इनडिझाइनमध्येही भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं सुटी पडतात.

एवढं जमलं तरी पत्रिकेतली नावं उरतातच. आजोबा, काका, मामा, भाऊजी, मित्रमंडळ, समस्त ग्रामस्थ. एक नाव गळलं की रुसवा. शिकाऊ डिझायनर टाइप सहा पॉइंटवर नेतो आणि सगळ्यांना कोंबतो. ज्यांच्यासाठी नावं छापली त्या आजोबांनाच मग ती वाचता येत नाहीत. अशा वेळी यजमानांना सरळ सांगावं: दादा, एक पान वाढवा.